कर्णवेध, कर्णमुद्रा आणि ‘नाडी’

बीड जिल्ह्यातील नारायणगड हे वारकरी क्षेत्र ‘धाकटी पंढरी’ या नावाने ओळखले जाते. त्याच जिल्ह्यात पाटोदा तालुक्यातील गहिनीनाथगड आणि आष्टी तालुक्यातील सावरगावची मच्छिंद्रनाथांची समाधी ही नाथपंथाची पूज्य स्थाने आहेत. गहिनीनाथ, निवृत्तीनाथ, ज्ञानदेव या गुरुपरंपरेने हे दोन्ही संप्रदाय जोडले गेले, हे सर्वश्रुत आहे. मात्र दीक्षेच्या खुणेत दोहोंत भेद आहे. कानफाटा योगी कान चिरून मुद्रा धारण करतो. वारकरी गळ्यात तुळशीची माळ घालतो. कान चिरल्याने तेथील एक नाडी छेदली जाते व योगसिद्धीस साहाय्य होते, अशी पंथाची धारणा जॉर्ज वेस्टन ब्रिग्ज यांनी 1938 साली प्रसिद्ध केलेल्या ग्रंथात नमूद केली आहे. ही नाडी कोणती, हा प्रश्न शारीरशास्त्राइतकाच शब्दार्थाचाही आहे.

कान टोचण्याचा सर्वात तपशीलवार प्राचीन विधी सुश्रुतसंहितेच्या सूत्रस्थानात, सोळाव्या अध्यायात येतो. सहाव्या किंवा सातव्या महिन्यात, मुलाचा उजवा व मुलीचा डावा कान आधी टोचावा. पाळी उन्हात धरून जेथून प्रकाश आरपार दिसेल तेथेच सुई घालावी, असे तेथे सांगितले आहे. जागा चुकल्यास कालिका, मर्मरिका व लोहितिका या तीन सिरांना इजा होते. लोहितिका दुखावली तर मान ताठरणे, आचके, डोके धरणे व कर्णशूळ हे उपद्रव होतात. आज पाळीला संवेदना देणारा मज्जातंतू मानेतील दुसऱ्या व तिसऱ्या ग्रैव मज्जातंतूंपासून निघतो, हे ठाऊक असलेल्या वाचकास या यादीतील ताठरलेली मान पाहून सुश्रुताला तो तंतू माहीत होता असे म्हणण्याचा मोह होईल. तो आवरलेला बरा. मान ताठरणे व आचके येणे ही धनुर्वाताचीही लक्षणे होत. अस्वच्छ सुईच्या जखमेतून तो होत असल्यास नवल नाही. सुश्रुताचे निरीक्षण अचूक, पण ते रोगाचे आहे, तंतूचे नव्हे.

कानफाट्यांचा छेद पाळीत नसून कानाच्या मध्यभागी, खोलगट कूर्चेत असतो. तेथील मज्जातंतूंची व्यवस्था पाळीहून निराळी आहे. कानाच्या पुढच्या वरच्या भागास, म्हणजे बुगडी किंवा भिकबाळी घालतात त्या बाजूस, मुख्यतः जबड्याकडून येणाऱ्या पाचव्या मस्तिष्क-तंतूची शाखा पोचते. मधल्या खोलगट भागास मात्र दहाव्या, म्हणजे व्हेगस तंतूची एक शाखा मिळते. एकोणिसाव्या शतकातील जर्मन शारीरज्ञ फ्रीडरिख आर्नोल्ड यांचे नाव तिला मिळाले आहे. कानात काडी घातली असता काही जणांना खोकला येतो तो हिच्यामुळेच. हाच व्हेगस पुढे हृदय, फुप्फुसे व जठर यांपर्यंत जातो; म्हणून योग्यांची नाडी म्हणजे हीच शाखा, असे समीकरण मांडणे फार सोपे आहे.

त्यास दोन अडचणी आहेत. पहिली इतिहासाची. जुन्या मूर्तींत आणि मुघलकालीन चित्रांत नाथयोग्यांची कुंडले पाळीतच दिसतात. कूर्चेतील मुद्रा चित्रांतून अठराव्या शतकाच्या उत्तरार्धापासूनच आढळते, याकडे जेम्स मॅलिन्सन यांनी लक्ष वेधले आहे. हे खरे मानले तर गहिनीनाथांच्या काळी कान मधोमध चिरत असत असे धरून चालता येत नाही, आणि कूर्चेतील नाडीची उपपत्तीही छेद पाळीतून वर सरकल्यानंतरची असणे अधिक संभवते. म्हणजे आधी शस्त्र सरकले, मग त्याला शास्त्र मिळाले.

दुसरी अडचण भाषेची आहे. ‘नाडी’ या शब्दात पोकळ नळी, वाहिनी, श्वासाचा मार्ग असे अर्थ एकत्र नांदतात. वैद्य मनगटावर पाहतो तीही नाडीच. सुश्रुताने सिरा, धमनी व स्रोतस यांत भेद केला, पण त्यांपैकी कोणतीही आजच्या मज्जातंतूशी तंतोतंत जुळत नाही. एकोणिसाव्या शतकानंतर इंग्रजी संज्ञांसाठी मराठीत प्रतिशब्द ठरविताना हेच जुने शब्द नव्या अर्थाने वापरले गेले, आणि पुढे उलट दिशेने तेच नवे अर्थ जुन्या ग्रंथांत शोधले जाऊ लागले. या फेऱ्यात पुष्कळ लेखन अडकलेले आहे.

वारकऱ्यांनी कानाचे दुसरेच कार्य महत्त्वाचे मानले. शके 1212 मधील ज्ञानेश्वरीच्या नवव्या अध्यायाच्या आरंभीच श्रोत्यांकडे अवधान मागितले आहे. तेथे कानाची पाळी किंवा कूर्चा यांना काम नाही. काम आहे ते तीन सूक्ष्म अस्थींच्या साखळीचे, सुमारे अडीच वेढ्यांच्या शंखाचे आणि त्यातून निघणाऱ्या आठव्या मस्तिष्क-तंतूतील सुमारे तीस हजार धाग्यांचे. ‘कान फुंकणे’ हा वाक्प्रचार मूळचा गुरूने कानात मंत्र देण्याचा; आज तो चहाडीचा झाला आहे. ‘कानमंत्र’ हा शब्द मात्र जुन्या अर्थाजवळ राहिला.