शिकागोच्या वस्त्या आणि मुलें

मूल वाईट निघालें कीं दोष कोणाचा, हा प्रश्न फार जुना आहे. कोणी रक्ताला बोल लावतो, कोणी आईबापांना, कोणी दैवाला. ज्या गल्लींत तें मूल लहानाचें मोठें झालें त्या गल्लीची चौकशी मात्र सहसा होत नाहीं. अमेरिकेंतील शिकागो शहरांत ही चौकशी शंभराहून अधिक वर्षें चालली आहे आणि तिचा इतिहास मननीय आहे.

१८४० मध्यें साडेचार हजारांच्या आसपास असलेली या गांवाची लोकसंख्या १८९० मध्यें दहा लाखांवर गेली. कत्तलखाने, कारखाने व आगगाडीचे रूळ यांच्या आजूबाजूला जर्मन, आयरिश, पोल, इटालियन मजुरांच्या दाट वस्त्या उभ्या राहिल्या. १८८९ मध्यें जेन ॲडम्स व एलन गेट्स स्टार या दोन विदुषींनीं अशाच एका वस्तींत ‘हल हाउस’ हें सेवागृह काढलें व त्या स्वतः तेथें राहूं लागल्या. त्यांच्या मंडळींनीं व इतर सुधारकांनीं केलेल्या खटपटीचें फळ म्हणजे १८९९ चें बालन्यायालय. त्या देशांतील हें पहिलें बालन्यायालय होय. त्याची दप्तरें पुढें फार मोलाचीं ठरलीं.

२७ जुलै १९१९ रोजीं मिशिगन सरोवरांत तराफ्यावर खेळणारा यूजीन विल्यम्स हा सतरा वर्षांचा कृष्णवर्णी मुलगा वाहत गोऱ्यांच्या किनाऱ्यासमोर गेला. एका गोऱ्यानें दगड फेकले व मुलगा बुडून मेला. दगड फेकणाऱ्याला पकडण्यास पोलिसानें नकार दिला आणि दंगल पेटली. तींत ३८ माणसें मेलीं. २३ कृष्णवर्णी व १५ गोरीं. पांचशेंहून अधिक लोक जखमी झाले आणि सुमारें एक हजार कृष्णवर्णी कुटुंबें बेघर झालीं. चौकशीसमितीचा अहवाल १९२२ मध्यें बाहेर आला. हल्ले करणाऱ्यांत गोऱ्या तरुण पोरांच्या टोळ्या आघाडीवर होत्या, त्या क्रीडामंडळांच्या नांवाखालीं वावरत आणि स्थानिक पुढाऱ्यांचा त्यांना आश्रय असे, असें त्यावरून दिसून आलें. हिंसा सोसणारें मूल व हिंसा शिकणारें मूल अशा रीतीनें शेजारशेजारच्या गल्ल्यांत वाढत होतें.

१९२७ मध्यें फ्रेडरिक थ्रॅशर या समाजशास्त्रज्ञानें शिकागोंतील १,३१३ टोळ्यांचा अभ्यास प्रसिद्ध केला. पोरांची टोळी मुळांत दुष्टपणासाठीं जमत नाहीं. खेळगड्यांचा एक जमाव दुसऱ्याशीं झगडूं लागला कीं त्या झगड्यांतूनच टोळी घट्ट होते, असें त्याला आढळलें.

याहून मूलगामी काम क्लिफर्ड शॉ व हेन्री मॅके यांचें. न्यायालयापुढें आलेल्या मुलांचीं घरें त्यांनीं शहराच्या नकाशावर मांडलीं. १९४२ मध्यें प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या ग्रंथाचा निष्कर्ष असा, कीं विसाव्या शतकाच्या आरंभीं ज्या वस्त्यांत बालगुन्ह्यांचें प्रमाण अधिक होतें, बहुतांशीं त्याच वस्त्यांत तें १९३० च्या सुमारासही अधिक होतें. मध्यंतरीं रहिवासी बदलले होते. जुने लोक सुस्थितींतल्या भागांत राहावयास गेले आणि तेथें त्यांच्या मुलांतील गुन्हे कमी झाले. दोष रक्तांत असता, तर तो त्यांच्यामागून गेला असता. तो जागच्या जागींच राहिला.

पण बाहेर पडण्याची वाट सर्वांनाच मोकळी नव्हती. कृष्णवर्णी कुटुंबाला घर विकावयाचें नाहीं, असे करार शहरभर झालेले होते. न्यायालयांनीं अशा करारांची अंमलबजावणी करूं नये, असें अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयानें १९४८ मध्यें ठरविलें, तरी भेदाच्या भिंती पुढेंही टिकल्या. आयरिश वा पोल मुलाला वस्ती सोडून जातां आलें. दक्षिण शिकागोंतील कृष्णवर्णी मुलाच्या कित्येक पिढ्या तेथेंच गेल्या.

अशा मुलाच्या अंतरंगांत काय घडतें, हें अलीकडे अधिक स्पष्ट झालें आहे. पॅट्रिक शार्की या संशोधकानें शिकागोंतील कृष्णवर्णी मुलांच्या वाचनाच्या व शब्दज्ञानाच्या परीक्षा तपासल्या. २०१० मध्यें प्रसिद्ध झालेल्या त्याच्या निबंधानुसार, घराजवळ खून झाल्यापासून आठवड्याच्या आंत जीं मुलें परीक्षेस बसलीं, त्यांचे गुण ठळकपणें घसरलेले होते. मुलानें खून डोळ्यांनीं पाहिलेला असावा लागत नाहीं. वस्तींत दाटलेली भीति पुरेशी होते. २०१२ मधील दुसऱ्या अभ्यासांत बालवयांतील मुलांची एकाग्रता व संयम उणावल्याचें दिसलें आणि त्यांच्या पालकांची व्यग्रताही वाढलेली आढळली. भ्यालेल्या आईच्या कुशींत मूल निर्धास्त कसें व्हावें? बंदुकीच्या आवाजाकडे कान लावून बसलेलें मूल पाटीकडे लक्ष देत नाहीं. आणि गुरुजी त्याला मंदबुद्धि म्हणून मोकळे होतात!

उपाय मात्र आहेत. १९९४ मध्यें शिकागोसह पांच शहरांतील सुमारें ४,६०० कुटुंबांवर एक प्रयोग सुरू झाला. चिठ्ठ्या टाकून त्यांतील कांहींना कमी दारिद्र्याच्या भागांत राहण्यासाठीं भाड्याची मदत देण्यांत आली. जीं मुलें तेरा वर्षांच्या आंत तेथें गेलीं, त्यांची तरुणपणींची कमाई मागें राहिलेल्यांहून सुमारें ३१ टक्क्यांनीं अधिक भरली, असें २०१६ मध्यें प्रसिद्ध झालेल्या अभ्यासांत दिसलें. वयानें मोठ्या मुलांना असा लाभ झाला नाहीं. बालपण थांबून राहत नाहीं, हें त्यावरून उमगतें.

सगळी वस्ती उठवून नेतां येत नाहीं, हेंही खरें. शॉ यांनीं १९३० नंतरच्या दशकांत रहिवाशांच्याच हातीं मुलांचें काम सोंपविलें. १९९५ मध्यें शिकागोच्या ३४३ वस्त्यांत ८,७८२ रहिवाशांस प्रश्न विचारले गेले. जेथें शेजाऱ्यांचा परस्परांवर विश्वास होता व दुसऱ्याच्या मुलासही टोकण्याचा अधिकार ते मानीत, तेथें दारिद्र्य जमेस धरूनही हिंसा कमी होती.

या विचाराचा एक धागा मुंबईपर्यंत आला आहे. शिकागो विद्यापीठांत शिकलेले क्लिफर्ड मॅनशार्ट हे मराठी मिशनचे कार्यकर्ते म्हणून येथें आले. नागपाड्याच्या कष्टकरी वस्तींत त्यांनीं ‘नेबरहुड हाउस’ चालविलें आणि १९३६ मध्यें निघालेल्या दोराबजी टाटा समाजकार्य विद्यालयाचे ते पहिले संचालक झाले. १९९२-९३ च्या दंगलींत याच मुंबईच्या मुलांनीं जळतीं घरें पाहिलीं. दंगलीनंतर मेलेल्यांची गणती होते, जळालेल्या दुकानांची होते. खिडकीआडून तें सारें पाहणाऱ्या मुलांची गणती कोणत्याही पंचनाम्यांत येत नाहीं. तीं मुलें मोठीं होऊन शहर चालवावयास लागतात, तेव्हां तो हिशेब पुढें येतो.