बौद्धिक दिव्यांग खेळाडूंचे स्वयंसेवक प्रशिक्षक : काम, नियम आणि जबाबदारी

बौद्धिक दिव्यांग व्यक्तींसाठीची ‘स्पेशल ऑलिम्पिक्स’ ही चळवळ प्रामुख्याने स्वयंसेवक प्रशिक्षकांवर उभी आहे. युनिस केनेडी श्रायव्हर यांच्या पुढाकाराने १९६८ मध्ये शिकागो येथे तिची पहिली आंतरराष्ट्रीय स्पर्धा झाली. भारतात ‘स्पेशल ऑलिम्पिक्स भारत’ हे काम पाहते. या संस्थेला केंद्र सरकारची राष्ट्रीय क्रीडा महासंघ म्हणून मान्यता आहे. २०२३ च्या बर्लिन जागतिक स्पर्धेत भारतीय चमूने २०२ पदके मिळवली. त्यांत ७६ सुवर्णपदके होती.

स्पेशल ऑलिम्पिक्स आणि पॅरालिम्पिक एकच असल्याचा समज सर्वत्र आढळतो. तो बरोबर नाही. पॅरालिम्पिकमध्ये पात्रता निकष पार केलेल्या मोजक्यांनाच प्रवेश मिळतो, तर स्पेशल ऑलिम्पिक्समध्ये आठ वर्षे पूर्ण केलेल्या कोणत्याही बौद्धिक दिव्यांग व्यक्तीस खेळता येते. वयाची कमाल मर्यादा नाही.

विशेष शाळांतील शिक्षक, शारीरिक शिक्षणाचे विद्यार्थी, माजी खेळाडू आणि पालक प्रामुख्याने प्रशिक्षक म्हणून पुढे येतात. बौद्धिक दिव्यांगतेची तोंडओळख, खेळाडूंच्या सुरक्षिततेविषयीचे प्रशिक्षण आणि संबंधित खेळाचे तांत्रिक शिक्षण त्यांना घ्यावे लागते. चार खेळाडूंमागे एक प्रशिक्षक हे प्रमाण सर्वसाधारणपणे योग्य मानले जाते.

मैदानावरील पद्धतीचा गाभा म्हणजे कौशल्याचे लहान टप्प्यांत विभाजन. गोळाफेक शिकवायची तर गोळा धरणे, मानेशी टेकवणे, पाय रोवणे आणि ढकलणे या क्रिया स्वतंत्रपणे पक्क्या करून घेतल्या जातात. आधी मोजक्या शब्दांत सूचना द्यायची. ती पुरेशी न ठरल्यास प्रात्यक्षिक दाखवायचे. त्यानेही न जमल्यास परवानगी घेऊन हाताला धरून कृती करवून घ्यायची. जसजसे जमू लागेल, तसतशी मदत कमी करत जायची. ‘जरा जोर लाव’ यासारखी मोघम सूचना येथे निरुपयोगी ठरते. ‘त्या खुणेपर्यंत टाक’ ही सूचना समजते. वयाने प्रौढ खेळाडूला ‘बाळ’ म्हणून हाक मारणे टाळावे, हा संकेतही याच शिस्तीचा भाग आहे आणि नवख्या स्वयंसेवकांना तो अंगवळणी पडण्यास बहुधा सर्वाधिक वेळ लागतो.

स्पर्धेतील गटवारी हा प्रशिक्षकाच्या प्रामाणिकपणाचा कस पाहणारा भाग. खेळाडूंचे गट वय, लिंग आणि क्षमता यांनुसार, प्राथमिक फेरीतील कामगिरी पाहून पाडले जातात. खेळाडूला मुद्दाम संथ धावायला लावून सोप्या गटात घुसवण्याचा मोह होऊ शकतो. त्याला आळा घालण्यासाठी, वेळ किंवा अंतर मोजल्या जाणाऱ्या खेळांत प्राथमिक फेरीपेक्षा अंतिम फेरीतील कामगिरी १५ टक्क्यांहून अधिक उंचावल्यास खेळाडू बाद ठरू शकतो. चूक प्रशिक्षकाची आणि शिक्षा खेळाडूला, असा हा प्रकार असल्याने सरावातील नोंदी काटेकोर ठेवणे अत्यावश्यक असते.

वैद्यकीय बाबींत हयगय जीवघेणी ठरू शकते. डाऊन सिंड्रोम असलेल्या काही व्यक्तींमध्ये मानेच्या वरच्या दोन मणक्यांचा सांधा अस्थिर असतो. अशांना पाण्यात सूर मारणे, बटरफ्लाय पोहणे, उंच उडी, जिम्नॅस्टिक्स अशा प्रकारांत मणक्याला इजा होण्याचा धोका संभवतो. त्यामुळे वैद्यकीय तपासणीचा अहवाल हाती असल्याशिवाय हे प्रकार शिकवू नयेत. अपस्माराचे झटके येणाऱ्या खेळाडूवर जलतरण तलावात सतत नजर ठेवावी लागते.

काही खेळाडू पुढे पॅरालिम्पिकपर्यंत पोहोचतात. मात्र तेथील दार दीर्घकाळ बंद होते. २००० च्या सिडनी स्पर्धेत स्पेनच्या बास्केटबॉल संघात दिव्यांगता नसलेले खेळाडू उतरवल्याचे उघड झाल्यावर या प्रवर्गाच्या स्पर्धाच थांबवण्यात आल्या. २०१२ मध्ये लंडन येथे त्या मर्यादित खेळांत पुन्हा सुरू झाल्या. तेलंगणातील वरंगळ जिल्ह्याची धावपटू दीप्ती जीवनजी हिने २०२४ च्या पॅरिस पॅरालिम्पिकमध्ये याच प्रवर्गातील ४०० मीटर शर्यतीत कांस्यपदक पटकावले. तिच्यातील वेग प्रथम शालेय स्तरावर हेरला गेला होता.