कुलूप तेच, किल्ली नवी

आमच्या लहानपणी जऊळक्यात कडी-कोयंड्याला कुलूप लागायचं ते फक्त परगावी जाताना. एरवी घरात माणूस असायचंच.

आज आपल्या दाराला नाईट लॅच आहे. त्याचं मूळ अमेरिकेतलं. लायनस येल (धाकटे) यांनी 1861 मध्ये चपट्या किल्लीच्या कुलपाचं पेटंट घेतलं. आत लहानमोठ्या पिना असतात. किल्लीच्या खाचा त्यांना नेमक्या उंचीवर आणतात, तेव्हाच सिलिंडर फिरतो. आपल्याकडे आर्देशीर गोदरेज यांनी 1897 मध्ये मुंबईत लालबागला कुलपांचा कारखाना काढला.

बँकेत तिजोरीच्या दोन किल्ल्या दोघांकडे असत. बदली झाली की चार्ज लिहून द्यायचा, किल्ली हरवली तर कुलूप बदलायचं. घरी मात्र मी ते कधी केलं नाही. परवा मोजलं, तर लॅचच्या पाचपैकी तीनच किल्ल्या सापडल्या! भाडेकरूने किल्ली परत दिली होती, पण तिची नक्कल केली नसेल कशावरून?

सभासदहो, अख्खं लॅच फेकायला नको. नुसता सिलिंडर किंवा आतल्या पिना बदलल्या की जुन्या किल्ल्या निकामी होतात. 25 वर्षांत एवढं तरी करूया.