वजीफा आणि गहाणखत

२०१९ सालच्या जुलै महिन्यातली गोष्ट. मालेगावच्या एका यंत्रमागावर रात्रपाळी करणारे एक गृहस्थ सकाळी थेट आमच्या शाळेत आले. हातात प्लॅस्टिकची पिशवी, पिशवीत मुलीची कागदपत्रे, केसांत अजून सुताचा भुसा. मुलगी आमच्याच उर्दू माध्यमाच्या शाळेत दहावीपर्यंत शिकलेली. उत्तरेतल्या एका विद्यापीठात इंजिनिअरिंगच्या प्रवेश यादीत तिचे नाव लागले होते. मला वाटले, ते पेढे घेऊन आले असतील. ते म्हणाले, "टीचर, बच्ची का नाम लग गया. वजीफा भी मिलेगा बोलते. पर वजीफा मिलने तक बच्ची खाएगी क्या?"

मी इतिहास शिकवते. सनावळ्या मला पाठ आहेत, पण या प्रश्नाला माझ्याजवळ उत्तर नव्हते. त्या दिवसापासून वजीफ्याचा इतिहास मी जरा वेगळ्या नजरेने वाचू लागले. अमक्याला शिष्यवृत्ती मिळाली आणि तो परमुलखात शिकून मोठा झाला, असे एका वाक्यात आपण मुलांना सांगतो. त्या वाक्यात दोन माणसे राहून जातात. एक, शिष्यवृत्तीचे पैसे हातात पडेपर्यंत खर्च कुणी भागवला तो; आणि दुसरा, पैसे पुरेनात तेव्हा ज्याच्या दारात जावे लागले तो.

सर सय्यद अहमद खान यांचेच उदाहरण घ्या. त्यांचे धाकटे चिरंजीव सय्यद महमूद यांना १८६९ साली इंग्लंडला जाऊन शिकण्यासाठी सरकारी शिष्यवृत्ती मिळाली. मुलगा हुशार, शिष्यवृत्ती सरकारची, वडील कंपनीच्या काळापासून न्यायखात्यात नोकरीला. मग अडचण कसली? पण मुलाबरोबर आपणही जावे, तिकडची विद्यापीठे डोळ्यांनी पाहावीत, असे वडिलांच्या मनाने घेतले. सरकारने दिलेला पैसा मुलापुरता होता. सर सय्यद यांनी घर गहाण टाकले आणि आपला ग्रंथसंग्रह विकला. लिहिणाऱ्या माणसाने आपली पुस्तके विकावीत, हे गहाणखतापेक्षाही मला जड वाटते. एप्रिल १८६९ मध्ये दोन्ही मुलगे, मिर्झा खुदादाद बेग आणि छज्जू नावाचा नोकर यांना घेऊन ते बनारसहून निघाले आणि आपल्या मुंबईच्या बंदरातून बोटीत बसले.

पुढचा इतिहास सर्वांना ठाऊक आहे. महमूद केंब्रिजला शिकले, बॅरिस्टर झाले आणि अलाहाबाद हायकोर्टाचे न्यायमूर्ती झाले. वडील १८७० साली परतले ते एका कॉलेजचा आराखडा डोक्यात घेऊनच. १८७५ साली अलिगढला शाळा सुरू झाली आणि ८ जानेवारी १८७७ रोजी मोहामेडन अँग्लो-ओरिएंटल कॉलेजची कोनशिला बसली. म्हणजे अलिगढच्या पायात गहाण टाकलेले एक घर आणि विकलेली काही कपाटे पुस्तके आहेत. याच सुमारास आपल्याकडच्या बद्रुद्दीन तय्यबजींनाही लंडनचे शिक्षण मिळाले होते, पण त्यांचे घराणे व्यापाऱ्यांचे होते. १८६० साली वडिलांनी पाठवले आणि ते गेले. त्यांना हा प्रश्न पडला नाही.

अलिगढला पडला. कॉलेज निवासी होते. विद्यार्थ्याने घर सोडून वसतिगृहात राहावे, एकत्र जेवावे, खेळावे, वादविवाद करावेत, हीच तर त्यामागची कल्पना. पण निवासी कॉलेज म्हणजे फीवर भोजनाचा खर्च, भोजनावर कपड्यांचा खर्च, त्यावर प्रवासाचा. नोकरदार आणि जमीनदारांची मुले येऊ शकत होती. हुशार पण गरीब मुलगा मात्र पंजाबातून किंवा बिहारमधून कसा यावा?

यावर सर सय्यद यांनी जे उपाय केले, त्यांतले काही आजही आपल्याला लाजवतील. त्यांनी लॉटरी काढली. स्वकीयांनी 'हे हराम आहे' म्हणून ओरड केली, ती सोसली. १८८९ साली, वय सत्तरीच्या पार गेलेले असताना, अलिगढच्या नुमाइशमध्ये, म्हणजे तिथल्या जत्रावजा प्रदर्शनात, ते गरीब विद्यार्थ्यांच्या वजीफ्यासाठी चक्क रंगमंचावर उभे राहिले. 'सर' किताब मिळालेला हा पांढऱ्या दाढीचा बुजुर्ग नाटकाच्या तिकिटावर पैसे गोळा करत होता. आजच्या आमच्या एखाद्या संस्थाचालकाला असे करायला सांगून पाहावे!

पण मला सर सय्यद यांच्यापेक्षाही महत्त्वाचे वाटते ते त्यांच्या विद्यार्थ्यांनी केलेले काम. १८९० साली साहेबजादा आफताब अहमद खान यांनी विद्यार्थी असतानाच आपल्या सोबत्यांना घेऊन एक अंजुमन काढली. तिचे नाव 'अंजुमन-उल-फर्ज'. इंग्रजीत तिला ड्यूटी सोसायटी म्हणत. नाव नीट पाहावे. 'खैरात' नाही, 'इमदाद' नाही, 'फर्ज'. नमाज जसा फर्ज आहे, तसे शेजारच्या खोलीतल्या गरीब सोबत्याचे शिक्षण पुरे करणे हा फर्ज. ही मुले सुट्टीत घरी जाऊन आराम करायची ती गावोगाव फिरू लागली. लोकांच्या दारात जायचे, कॉलेजविषयी सांगायचे, गैरसमज असतील ते दूर करायचे आणि वर्गणी मागायची. ज्यांच्या घरात कधी कुणी हात पसरला नव्हता अशा शरीफ खानदानांतली ही मुले. त्यांनी हात पसरले ते दुसऱ्यासाठी. आफताब अहमद खान स्वतः पुढे केंब्रिजला शिकून बॅरिस्टर झाले आणि १९२४ साली अलिगढ विद्यापीठाचे कुलगुरू झाले. विद्यापीठाचे कुलगुरू पुष्कळ होऊन गेले, पण विद्यार्थिदशेत सोबत्यांसाठी वर्गणी मागत फिरलेले किती असतील?

या फिरतीचा आणखी एक फायदा झाला. ज्या गावात वर्गणी मागायला मुले जात, त्या गावातल्या लोकांना 'आपलाही मुलगा तिथे जाऊ शकतो' हे पहिल्यांदा कळे. हेच काम मोठ्या प्रमाणावर मोहामेडन एज्युकेशनल कॉन्फरन्सने केले. १८८६ साली सुरू झालेली ही परिषद वर्षागणिक वेगवेगळ्या शहरांत भरे. डिसेंबर १९०३ मध्ये ती मुंबईत भरली आणि तिचे अध्यक्ष होते न्यायमूर्ती बद्रुद्दीन तय्यबजी.

आपल्या महाराष्ट्रात या प्रश्नाला सर्वांत रोकठोक उत्तर दिले ते कोल्हापूरच्या शाहू महाराजांनी. नुसती फी माफ करून खेड्यातले पोर कोल्हापुरात टिकणार नाही, त्याला आधी छप्पर आणि दोन वेळची भाकरी हवी, हे त्यांनी ओळखले. १९०१ पासून त्यांनी एकेका समाजासाठी बोर्डिंगे उभी केली. १९०६ साली मोहामेडन एज्युकेशन सोसायटी स्थापन झाली, तेव्हा महाराजांनी स्वतः तिचे अध्यक्षपद घेतले आणि मुस्लिम बोर्डिंग उभे राहिले. दसरा चौकातली ती इमारत मी शाळेची सहल घेऊन गेले तेव्हा पाहिली. मुलांना रंकाळ्याची घाई होती. मी मात्र तिथे थोडा वेळ रेंगाळले.

शिष्यवृत्ती आणि तिच्यामागे येणाऱ्या अटी यांचा हिशेब मात्र डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या आयुष्यात जितका स्पष्ट दिसतो, तितका कुठेच दिसत नाही. एल्फिन्स्टन कॉलेजात असताना सयाजीराव गायकवाडांकडून त्यांना दरमहा २५ रुपये मिळत. ते केळुसकर गुरुजींच्या शब्दाने मिळाले होते. १९१३ साली बडोदे संस्थानाने त्यांना अमेरिकेत कोलंबिया विद्यापीठात शिकण्यासाठी तीन वर्षांची शिष्यवृत्ती दिली, दरमहा साडेअकरा पौंड. ४ जून १९१३ रोजी करारावर सही झाली. करार असा की परत आल्यावर दहा वर्षे संस्थानाची नोकरी करायची. वडील वारून जेमतेम चार महिने झाले होते. न्यूयॉर्कमध्ये साडेअकरा पौंडांत राहायचे, पुस्तके घ्यायची आणि त्यातूनच घरीही पैसे पाठवायचे. मेसच्या बिलाची काळजी करणाऱ्या माझ्या विद्यार्थिनींना मी हा आकडा फळ्यावर लिहून दाखवते.

१९१६ मध्ये ते लंडनला गेले, लंडन स्कूल ऑफ इकॉनॉमिक्समध्ये नाव घातले, आणि १९१७ साली शिष्यवृत्तीची मुदत संपली म्हणून अभ्यास अर्धा टाकून परतावे लागले. गुणवत्तेत काही कमी नव्हते. मुदत संपली होती, एवढेच. त्यांचे सामान ज्या बोटीत होते ती युद्धात पाणबुडीच्या माऱ्याने बुडाली. त्याची भरपाई म्हणून थॉमस कुक कंपनीकडून ६०० रुपये मिळाले आणि त्याच पैशांतून करार पाळायला ते बडोद्याला गेले. तिथे राहायला घर मिळाले नाही. नाव बदलून पारशी पथिकाश्रमात उतरले, तिथूनही लाठ्या घेतलेल्या जमावाने बाहेर काढले. ज्या संस्थानाने त्यांना समुद्रापार शिकवले, त्याच्या राजधानीत त्यांना एक खोली मिळाली नाही.

शिक्षण पुरे झाले ते कसे? सिडनहॅम कॉलेजातली प्राध्यापकी करून, काटकसरीने पैसे साठवले. शाहू महाराजांनी मदत केली. नवल भथेना या पारशी मित्राने ५००० रुपये उसने दिले. तेव्हा कुठे १९२० मध्ये पुन्हा लंडन गाठता आले आणि १९२३ मध्ये डी.एस्सी. मिळाली. संस्थानाची शिष्यवृत्ती जिथे संपली, तिथून पुढचा रस्ता उसनवारीचा होता.

हे सर्व पुरुषांचे झाले. मुलींसाठी एक खर्च आणखी असतो, तो रुपयांत मोजता येत नाही. मुंबईच्या तय्यबजी परिवारातल्या अतिया फैजी १९०६ साली सरकारी शिष्यवृत्तीवर शिक्षिका होण्याचे प्रशिक्षण घ्यायला लंडनला गेल्या. त्यांचा रोजनामचा लाहोरच्या 'तहजीब-ए-निस्वाँ'मध्ये छापून येई आणि घराघरांतल्या पर्दानशीन बायका तो वाचत. अभ्यासक्रम पुरा न करताच त्या १९०७ मध्ये परतल्या. पण एक मुसलमान स्त्री अध्यापनाचे शिक्षण घ्यायला इतक्या दूर जाऊ शकते, हे त्या रोजनामच्याने दाखवले. मी स्वतः बी.एड. केले ते घरापासून दोन तासांच्या एस.टी.च्या अंतरावर, आणि तेवढ्यासाठीही घरात महिनाभर चर्चा चालली होती!

त्याच १९०६ साली अलिगढला शेख अब्दुल्ला आणि त्यांच्या पत्नी वहीद जहाँ बेगम यांनी मुलींची शाळा काढली. भोपाळच्या सुलतान जहाँ बेगमांनी तिला दरमहा १०० रुपये बांधून दिले. पण बाहेरगावच्या मुली येऊ लागल्या त्या १९१४ मध्ये वसतिगृह उघडल्यावर. वहीद जहाँ, ज्यांना सगळे 'आला बी' म्हणत, त्या मुलींची देखभाल स्वतः करीत. मुलींच्या बापांना वजीफ्यापेक्षा या एका बाईचा भरवसा मोठा वाटला असणार.

आता आमच्या काळाकडे येते. सच्चर समितीचा अहवाल नोव्हेंबर २००६ मध्ये आला आणि त्यानंतर, २००७ साली, केंद्र सरकारने अल्पसंख्याक विद्यार्थ्यांसाठी व्यावसायिक अभ्यासक्रमांची मेरिट-कम-मीन्स शिष्यवृत्ती सुरू केली. फीपोटी वर्षाला २०,००० पर्यंत आणि वसतिगृहात राहणाऱ्याला दरमहा १,००० रुपये, तेही दहा महिन्यांचे. या पैशाने आमच्या गावातली कितीतरी मुले शिकली. तिला नावे ठेवणार नाही. पण ती रक्कम खात्यात जमा होई ती अर्ज, पडताळणी आणि मंजुरी होऊन, पुष्कळदा वर्ष सरताना. वसतिगृहाची अनामत मात्र पहिल्या दिवशी भरावी लागे. पुढे डिसेंबर २०२२ मध्ये संशोधकांसाठीची मौलाना आझाद फेलोशिप बंद झाल्याचे संसदेत सांगण्यात आले. परदेशी शिक्षणाच्या कर्जावरील व्याजात सूट देणारी 'पढो परदेश' योजनाही त्याच वर्षी थांबली.

पिशवी घेऊन आलेल्या त्या गृहस्थांना मी बसवले, पाणी दिले. मधल्या सुट्टीत स्टाफरूममध्ये गोष्ट काढली. आमच्यात एक बुजुर्ग मौलवीसाहेब आहेत, अरबी शिकवतात. मुलींनी एवढ्या दूर जाऊ नये या मताचे. त्यांनीच पहिल्यांदा खिशात हात घातला आणि म्हणाले, "मेरी राय अलग है. पर बच्ची ने मेहनत की है. कर्ज-ए-हसना लिखो." नऊ शिक्षकांचे दोन-दोन हजार, असे अठरा हजार झाले. शंभर पानी वही आणली. पहिल्या पानावर मुलीचे नाव, रक्कम आणि तारीख लिहिली. व्याज नाही, मुदत नाही, नोकरी लागल्यावर जमेल तसे. वडिलांनी सही करताना विचारले, "गिरवी क्या रखूँ?" मौलवीसाहेब म्हणाले, "कुछ नहीं."

ती मनमाडहून गाडीत बसली. पहिल्या वर्षाचा वजीफा मार्चमध्ये आला. २०२३ मध्ये पदवी मिळाली, पुण्यात नोकरी लागली. २०२४ च्या फेब्रुवारीत माझ्या फोनवर १,५०० रुपये आले आणि खाली उर्दूत एक ओळ: टीचर, पहिला हप्ता आहे, वहीत लिहून घ्या.

वही अजून माझ्याच कपाटात असते. आतापर्यंत बारा पाने भरली आहेत. चार पानांवरचे पैसे पुरे परत आले, एका पानावरचे बहुधा येणार नाहीत. त्या मुलाचे वडील कोरोनात गेले आणि आता तोच माग चालवतो. त्या पानावर आम्ही रेघ मारलेली नाही. मागच्या जुलैत तेरावे नाव लिहिले. मुलगी आहे, भोपाळला जाणार होती, आणि तिच्या आईने सही उर्दूत न करता मराठीत केली.