दामाजींचं कोठार आणि खिशात मावणारं यंत्र

दामाजीपंतांची गोष्ट मंगळवेढ्यात पोराटोरांना पाठ असते. बहामनी काळ, भयंकर दुष्काळ आणि सरकारी धान्याचं कोठार पंतांच्या ताब्यात. बिदरच्या बादशहाला न विचारता त्यांनी ते भुकेल्यांसाठी उघडलं. पुढे विठोबाच त्या धान्याचे पैसे भरून आला, अशी भक्तांची श्रद्धा. आपला आजचा प्रश्न साधा आहे: सरकारी कोठार नेमकं कुणासाठी उघडायचं?

आता म्हणाल, कंपन्यांसाठी? थांबा, ऐका.

1816 साली पॅरिसमध्ये लाएनेक नावाच्या डॉक्टरनं कागदाची गुंडाळी करून रुग्णाच्या छातीचे ठोके ऐकले. तिथून स्टेथोस्कोप आला. दोनशे वर्षांनी आयआयटी मुंबईच्या बेटिक केंद्रातल्या तरुणांनी 'आयुसिंक' ही छोटी डबी बनवली. साध्या स्टेथोस्कोपला जोडायची, की आवाज मोठा होऊन ब्लूटूथनं मोबाईलवर येतो. 2020 मध्ये कोविडच्या काळात डॉक्टरांना रुग्णापासून लांब राहून छाती तपासायला ती उपयोगी पडली.

हे बेटिक केंद्र 2014 मध्ये उभं राहिलं ते महाराष्ट्र सरकारच्या राजीव गांधी विज्ञान व तंत्रज्ञान आयोगाच्या पैशातून. म्हणजे तुमच्या-आमच्या करातून.

बँकेनं का नाही दिले पैसे? कारण एक नमुना बनवणं सोपं असतं. पण तसेच शंभर बनवायचे, नैतिक समितीची परवानगी काढून रुग्णांवर तपासायचे, पेटंट, प्रमाणपत्रं... हा सगळा खर्च पहिला रुपया मिळायच्या आधीचा. बँक तारण मागते, आणि या पोरांकडे असते फक्त कल्पना. मग धोका पत्करणार कोण?

अमेरिकेनं 1982 साली कायदा करून सरकारी संशोधनाच्या पैशातला वाटा छोट्या कंपन्यांसाठी राखून ठेवला. आपल्याकडे 2005 मध्ये जैवतंत्रज्ञान विभागानं एसबीआयआरआय योजना आणली, 2012 मध्ये बायरॅक ही सरकारी संस्था आली. तिच्या 'बिग' योजनेत नव्या कल्पनेला 50 लाखांपर्यंत अनुदान मिळतं. हे कर्ज नाही, आणि बदल्यात कंपनीतला हिस्साही द्यावा लागत नाही. पुण्याच्या पेरिविंकल कंपनीचं गर्भाशयमुखाच्या कर्करोगाची तपासणी करणारं, हातात मावणारं 'स्मार्ट स्कोप' बायरॅकच्याच मदतीनं पुढे आलं.

पण खरी मेख इथंच आहे. अनुदान यंत्र तयार होईपर्यंत असतं. ते प्राथमिक आरोग्य केंद्रात पोचायचं, तर सरकारी खरेदी लागते, वापरायला शिकवलेली सिस्टर लागते, बिघडलं तर दुरुस्ती लागते. त्याचं बजेट वेगळं, फाईल वेगळी. खेड्यातल्या बाईला तपासणीसाठी एका दिवसाची मजुरी बुडवून शहर गाठावं लागतं, म्हणून तर यंत्र लहान करायचं! ते शहरातच राहिलं तर लहान करून काय मिळवलं?

दामाजींनी नुसतं कुलूप काढलं नव्हतं. धान्य लोकांच्या पदरात पडलं, म्हणून ती गोष्ट आजही सांगितली जाते.

पुढच्या वेळी आरोग्य केंद्रात गेलात, तर तिथं कोणती यंत्रं आहेत आणि चालू आहेत का, एवढं नक्की विचारा. कोठार आपलंच आहे. भेटू पुढच्या भागात!