कॉर्नवॉलच्या खाणींचे मासिक पत्रक

आमच्या सेवाकाळाची तेहेतीस वर्षे मासिक पत्रके भरण्यात, तपासण्यात आणि वरिष्ठ कार्यालयास सादर करण्यात गेली, असे म्हटल्यास फारशी अतिशयोक्ती होणार नाही. आम्ही राज्य शासनाच्या पाणीपुरवठ्याच्या कामावर होतो. प्रत्येक उपसा केंद्राकडून दरमहा एक तक्ता येई : पाणी किती उपसले, वीज किती युनिट जळली, पंप किती तास बंद राहिला. शेवटचा रकाना 'शेरा' या सदराचा असे आणि त्यात बहुधा एक आडवी रेघ ओढलेली असे. ज्या घराण्यांनी पिढ्यानपिढ्या संस्थानी कचेऱ्यांत लेखणी चालविली, त्यांना या रेघेचा अर्थ सांगावयास नको.

निवृत्तीनंतर यंत्रविद्येचा इतिहास वाचीत असता अशाच एका मासिक पत्रकाची हकीकत आमच्या वाचनात आली. ते पत्रक मात्र कोणा वरिष्ठाकडे जात नव्हते. ते एका खाणीकडून शेजारच्या खाणीकडे जात होते. एवढ्या एका भेदाने काय घडले, ते वाचकांपुढे ठेवण्याचा हा प्रयत्न आहे. अलीकडे व्यवस्थापनशास्त्रात 'खुला नवोन्मेष' हा शब्द रूढ झाला आहे; हेन्री चेसब्रो या अमेरिकन अभ्यासकाच्या २००३ मधील ग्रंथाने तो प्रचारात आणला. शब्द नवा असला तरी व्यवहार जुना आहे.

इंग्लंडच्या नैर्ऋत्य टोकाशी असलेला कॉर्नवॉल हा परगणा तांबे आणि कथील यांच्या खाणींसाठी प्रसिद्ध होता. खाणी जसजशा खोल गेल्या तसतसे त्यांत पाणी साचू लागले आणि ते अहोरात्र उपसल्याखेरीज काम चालेना. वाफेचे इंजिन आले ते प्रथम या कामासाठी. परंतु कॉर्नवॉलमध्ये दगडी कोळसा नाही. तो समुद्रमार्गे साउथ वेल्समधून आणावा लागे आणि महाग पडे. त्यामुळे कोळशाची बचत हा तेथे नफा-तोट्याचाच नव्हे, तर खाण चालू राहील की बुडेल याचा प्रश्न होता.

जेम्स वॉटने १७६९ मध्ये वेगळ्या कंडेन्सरचे पेटंट घेतले आणि १७७५ मध्ये पार्लमेंटकडून त्याची मुदत १८०० पर्यंत वाढवून घेतली. जुन्या न्यूकोमेन इंजिनाच्या तुलनेत जो कोळसा वाचेल त्याच्या किमतीचा एक तृतीयांश हिस्सा बोल्टन आणि वॉट यांच्या पेढीस द्यावयाचा, असा करार असे. इंजिनाचे हेलकावे मोजणारे यंत्र कुलुपात असे आणि किल्ली पेढीच्या माणसाकडे. करार वाजवी होता, हे आम्ही मान्य करतो. वॉटच्या इंजिनाने खाणमालकांचा पुष्कळ पैसा वाचविला. पण दुसऱ्या कोणी त्यात सुधारणा करू पाहिल्यास पेढी न्यायालयात जाई. हॉर्नब्लोअर आणि बुल या स्थानिक यंत्रज्ञांना याचा कटू अनुभव आला. स्वतः वॉटला तीव्र दाबाच्या वाफेचे भय वाटे, आणि त्याच्या पेटंटच्या सावलीत पंचवीस वर्षे ती वाट जवळजवळ बंद राहिली.

१८०० साली पेटंट संपले. पेढीने आपली माणसे परत बोलाविली. खाणवाल्यांनी सुटकेचा निःश्वास टाकला. पण देखरेखीचा धाकही गेल्यामुळे इंजिने ढिली पडत गेली. कोणाचे इंजिन किती कोळसा खाते, हे कोणालाच नीट ठाऊक नव्हते. अशा स्थितीत खाणींच्या काही भागधारकांनी आणि व्यवस्थापकांनी जोएल लीन नावाच्या अनुभवी खाणअधिकाऱ्याकडे दरमहा मोजणी करून ती छापण्याचे काम सोपविले. पहिले पत्रक ऑगस्ट १८११ मध्ये निघाले. पुढील वर्षी जोएल वारला, पण त्याच्या मुलांनी ते काम पुढे चालविले.

त्या पत्रकाचे रकाने आम्ही व्यावसायिक कुतूहलाने पाहिले. खाणीचे नाव, सिलिंडरचा व्यास, दट्ट्याचा पल्ला, पंपांची खोली आणि व्यास, महिन्यातील हेलकाव्यांची संख्या, जळलेला कोळसा, यंत्रज्ञाचे नाव, आणि शेरा. या साऱ्यांतून एकच आकडा काढला जाई : एक बुशेल, म्हणजे ९४ पौंड (सुमारे ४३ किलो) कोळशात किती पौंड पाणी एक फूट वर चढले. याला ते इंजिनाची 'ड्यूटी' म्हणत. इंजिन लहान असो वा मोठे, खाण उथळ असो वा खोल, या एका मापाने सारी इंजिने एका पंक्तीस बसत. आणि शेऱ्याच्या रकान्यात तेथे आडवी रेघ नसे. काय बदल केला, ते लिहिलेले असे.

आता वाचक विचारतील की खाणवाल्यांनी आपले गुपित शेजाऱ्याला का सांगावे? त्यांच्या अंगी काही साधुत्व संचारले होते असे नव्हे. धातूचा भाव बाजारात ठरे; शेजारच्या खाणीचे पाणी स्वस्तात उपसले गेले म्हणून आपले तांबे कमी भावाने विकावे लागे असे नव्हते. एकाच भागधारकाचे हिस्से अनेक खाणींत असत, त्यामुळे एका खाणीतील शहाणपण दुसरीत गेले तर लाभ त्याच खिशात पडे. यंत्रज्ञ कोणा एका खाणीचे नोकर नसत. ते अनेक खाणींची कामे घेत, आणि पत्रकात नावापुढे छापलेला आकडा हीच त्यांची शिफारस असे. ज्ञान उघडे ठेवण्यात ज्याचा त्याचा स्वार्थ गुंतला होता. आमच्या मते या व्यवस्थेचे सारे बळ तेथेच आहे.

रिचर्ड ट्रेव्हिथिकने १८१२ मध्ये व्हील प्रॉस्पर खाणीत तीव्र दाबाच्या वाफेवर चालणारे, तीच वाफ प्रसरण पावू देऊन तिच्याकडून अधिक काम घेणारे इंजिन उभारले आणि त्याचे पेटंट घेतले नाही. त्याच सुमारास आर्थर वुल्फचे दोन सिलिंडरांचे इंजिन तेथे आले. त्याची ड्यूटी आरंभी पाच कोटींच्या पुढे गेली, म्हणजे इतर इंजिनांच्या दुपटीहून अधिक. पण ते गुंतागुंतीचे होते आणि त्यावर पेटंटची फी होती. ट्रेव्हिथिकचा नमुना साधा, शिवाय सर्वांना मोकळा. खाणींनी तोच उचलला, आणि मग प्रत्येकाने त्यात आपली भर घातली. सॅम्युएल ग्रोसने १८२०-३० च्या दरम्यान सिलिंडर आणि नळ्या यांना उष्णतारोधक वेष्टण घातले. युक्ती ती केवढीशी! पण तिने ड्यूटी एकदम वर चढली आणि पत्रक वाचणाऱ्या इतर यंत्रज्ञांनीही आपली इंजिने झाकून घेतली. आरंभी सरासरी ड्यूटी दोन कोटींच्याही आत होती. १८४० च्या अगोदर ती पाच कोटींच्या जवळ पोहोचली. तेव्हा लँकेशायरच्या गिरण्यांत मात्र बहुतांशी जुनी कमी दाबाचीच इंजिने चालू होती.

मोठे आकडे आले की संशयही येतो. विल्यम वेस्ट याने फॉय कन्सोल्स खाणीत उभारलेल्या इंजिनाच्या आकड्यांवर लोकांचा विश्वास बसेना. तेव्हा १८३५ मध्ये साक्षीदारांसमक्ष त्याची चाचणी झाली आणि साडेबारा कोटींची ड्यूटी निघाली. शंका घेणाऱ्याला इंजिनघरात बोलावून कोळसा मोजू देणे, हे या व्यवस्थेचे उत्तर होते.

येथे आम्हांस आमच्या एका उपसा केंद्रावरील परिचालकाची आठवण होते. फार शिकलेला नव्हता. त्याच्या केंद्राची वीज शेजारच्या केंद्रांपेक्षा सातत्याने कमी जळे. आम्ही चौकशी केली तेव्हा समजले की विहिरीतल्या फूट व्हॉल्व्हची जाळी तो दर पंधरवड्यास न चुकता वर काढून धुई. बाकीचे ती पंप अडल्यावरच काढीत. त्याचे आकडे तीन वर्षे दरमहा आमच्या टेबलावरून वर गेले. बारा मैलांवरच्या केंद्राला ते कधी दिसले नाहीत. आम्ही सर्व केंद्रांचा एकत्रित तक्ता सर्व केंद्रांना पाठवावा, असे लेखी सुचविले. उत्तर आले नाही. पुढे त्याची बदली झाली आणि जाळी पुन्हा गाळाने भरू लागली. आम्हीही तो तक्ता स्वतःच्या अधिकारात सायक्लोस्टाइल करून वाटू शकलो असतो. तसे केले नाही, हा दोष आमचा.

कॉर्नवॉलची बाजू सर्वस्वी उजळ होती, असे मात्र कोणी समजू नये. ज्याने पेटंट न घेता मार्ग खुला केला तो ट्रेव्हिथिक १८१६ मध्ये पेरूला गेला, तेथून रिकाम्या हाताने परतला, आणि आपल्या इंजिनाने खाणींचे केवढे द्रव्य वाचविले याचा हिशेब मांडून त्याने १८२८ मध्ये पार्लमेंटकडे अर्ज केला. त्याला काही मिळाले नाही. १८३३ मध्ये डार्टफर्ड येथे तो निर्धन अवस्थेत वारला. ज्ञान सर्वांचे झाले, पण ते देणाऱ्याच्या उपजीविकेची तरतूद कोणत्याच रकान्यात नव्हती. वॉटच्या करारात ती होती, हे न्यायाने नोंदविले पाहिजे, आणि या दोहोंचा मेळ कसा घालावा याचे उत्तर आम्हांला सापडलेले नाही.

तथापि त्या इंजिनाचा विस्तार खाणींपुरता राहिला नाही. टॉमस विक्स्टीड या अभियंत्याने कॉर्नवॉलचे आकडे स्वतः पारखले आणि १८३० च्या दशकाच्या अखेरीस तसेच एक इंजिन पूर्व लंडनच्या पाणीपुरवठ्यासाठी आणून बसविले. कॉर्नवॉलच्या खाणींत नावारूपास आलेल्या जॉन टेलरच्या घराण्याच्या पेढीने १८८० पासून कोलारच्या सोन्याच्या खाणी चालविल्या, आणि कॉर्नवॉलचे खाणकामगार तेथे येऊन राहिले. कर्नाटकातील आपल्या वाचकांस ही नावे परकी वाटू नयेत.

लीन बंधूंनी १८३९ मध्ये आपल्या पत्रकांचा गोषवारा पुस्तकरूपाने छापला. त्यानंतरच्या दशकात मात्र उत्साह ओसरत गेला. अधिक ड्यूटीच्या नादात यंत्रांवर फाजील ताण पडतो, अशी तक्रार झाली. आकडे देणाऱ्या इंजिनांची संख्या घटली. पुढे तांब्याचे भाव कोसळले आणि खाणीच बंद पडू लागल्या. तरीही पत्रक निघत राहिले. मोजक्या इंजिनांचे आकडे, तेच रकाने, तोच क्रम, असे ते १९०४ पर्यंत चालले.