रॅन्समवेअर : वर्तनविश्लेषण

संगणकातील फायली कुलूपबंद करून किल्लीसाठी खंडणी मागणाऱ्या घातक सॉफ्टवेअरला रॅन्समवेअर म्हणतात. त्याचा नमुना बंदिस्त आभासी यंत्रावर चालवायचा आणि तो कोणत्या फायलींना हात लावतो, रजिस्ट्रीत काय लिहितो, नेटवर्कवर कोणाशी बोलू पाहतो, याची क्रमवार नोंद ठेवायची, हे वर्तनविश्लेषण. पडद्यावरच्या खंडणीच्या मजकुरावरून निदान करणे घातक ठरते.

जबलपूर : रामपूर भागातील शक्तिभवनात मुख्यालय असलेल्या मध्य प्रदेश पॉवर मॅनेजमेंट कंपनीच्या अंतर्गत संगणकव्यवस्थेवर मे २०२३ मध्ये रॅन्समवेअरचा हल्ला झाला. राज्यातील तिन्ही वीज वितरण कंपन्यांसाठी वीजखरेदी ही कंपनी करते.

वॉनाक्राय (१२ मे २०१७) : विंडोजच्या फाइल-शेअरिंगमधील दोषाचा फायदा घेऊन ४४५ क्रमांकाच्या पोर्टवरून पसरला. त्या दोषावरचा पॅच १४ मार्चलाच आलेला होता. सुरू होताच तो एका निरर्थक नावाच्या संकेतस्थळाला साद घाली आणि उत्तर मिळाले की थांबे. त्यामुळे प्रत्येक पत्त्याला खोटे उत्तर देणाऱ्या प्रयोगशाळेत तो निरुपद्रवी भासे. उत्तर न मिळाल्यास फायली कूटबद्ध करून विंडोजच्या शॅडो कॉपी (विंडोजने राखलेल्या जुन्या प्रती) पुसून टाकी. मागणी ३०० डॉलरची, तीही बिटकॉइनमध्ये. तीन दिवसांनी दुप्पट.

नॉटपेट्या (२७ जून २०१७) : अभ्यासकाच्या दृष्टीने सर्वांत महत्त्वाचा नमुना. युक्रेनमधील एम.ई.डॉक या हिशेबाच्या सॉफ्टवेअरच्या अपडेटमधून तो सुटला आणि मर्स्क या जहाजवाहतूक समूहामार्फत न्हावा शेव्यापर्यंत पोहोचला. तेथील जवाहरलाल नेहरू बंदरातील गेटवे टर्मिनल्स इंडियाचे कामकाज ठप्प झाले. हा मेमरीतून पासवर्ड उचलतो आणि विंडोजचीच प्रशासकीय साधने वापरून शेजारच्या यंत्रांवर जातो. त्यामुळे पॅच लावलेली यंत्रेही त्याच्या तावडीत सापडली. प्रशासकाचे अधिकार मिळाले तर तो बूट रेकॉर्ड बदलतो आणि साधारण तासाभरात यंत्र रीस्टार्ट करतो. मग डिस्क तपासणी चालू असल्याचा बनावट पडदा दिसतो. त्याच्या आड डिस्कवरील फायलींची मुख्य सूची कूटबद्ध होत असते. पडद्यावरचा ‘वैयक्तिक क्रमांक’ निव्वळ यादृच्छिक असतो. त्यावरून किल्ली काढणे हल्लेखोरालाही अशक्य, म्हणून बहुतेक तज्ज्ञ याला खंडणीखोर न मानता विध्वंसक मानतात.

तो बनावट पडदा दिसताच वीज तोडली तर बराच डेटा वाचू शकतो. वॉनाक्रायबाबत नेमके उलटे करावे लागते : विंडोज एक्सपी व ७ वर, यंत्र बंद केलेले नसेल तर, मेमरीत उरलेल्या अविभाज्य संख्यांवरून काही वेळा किल्ली परत मिळवता आली.

महाराष्ट्र औद्योगिक विकास महामंडळ : मार्च २०२१ मध्ये सिनॅक या रॅन्समवेअरचा हल्ला. खंडणीच्या रकमेबाबत एकवाक्यता नाही.

कायदा : २८ एप्रिल २०२२ च्या निर्देशांनुसार असा हल्ला लक्षात आल्यापासून सहा तासांत सर्ट-इन या केंद्र सरकारच्या सायबर सुरक्षा यंत्रणेला कळवणे बंधनकारक आहे.